'कसा वाटला?' असे विचारू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू केलेला संगणकावरचा खेळ पोहोचला. रविवारी दुपारी मी तो तीन वेळा खेळले, नंतर माझ्या सहावीतल्या भाच्याला खेळायला बसवले, आणि संध्याकाळी माझ्या आईने चष्मा पुसून त्यातली अक्षरे वाचली. या सगळ्याविषयी मी लिहिणारच आहे. परंतु त्याआधी तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीविषयी बोलणे मला भाग आहे. 'ताई, अगदी मनापासून सांगा, कसा वाटला?' असे तू विचारले आहेस. हाच प्रश्न तू वसतिगृहातल्या नऊ मुलांना विचारलास. त्यांपैकी सहा जणांनी 'भारी' म्हटले, एकाने 'फार अवघड' म्हटले, एकाने 'फारच सोपा' म्हटले, आणि तुझ्या एका सीनियरने 'टाकाऊ' एवढा एकच शब्द पाठवला, तेव्हापासून तू तो प्रकल्प उघडलेला नाहीस. नऊ माणसे बोलली आणि तुझ्या हाती काहीही पडले नाही. यात त्यांचा दोष थोडा आहे, तुझ्या प्रश्नाचा अधिक.

जेवायला आलेल्या पाहुण्याला 'भाजी कशी झाली?' असे विचारले, तर 'छान' याखेरीज तो बिचारा काय म्हणणार? जी बाई खरी सुगरण असते ती हे विचारत बसत नाही; पाने उचलताना कोणाच्या वाटीत काय उरले ते ती पाहून ठेवते. खेळाचेही तसेच आहे. खेळणारा तोंडाने जे सांगतो त्यात तुझ्याविषयीचा स्नेह, स्वतःचा मोठेपणा, जेवायला जायची घाई असे बरेच काही मिसळलेले असते. त्याचे हात मात्र तुझी भीड धरत नाहीत.

म्हणून मी भाच्याला काहीही सांगितले नाही. तुझ्या खेळात एक मुलगी कंदील घेऊन बारवेत उतरते, तेलाचा साठा मर्यादित आहे, तळाशी किल्ली आहे, यातले एक अक्षरही त्याला ठाऊक नव्हते. मी मागे स्टुलावर बसले, मोबाइलवर वेळ लावली आणि वहीत लिहीत गेले. ती नोंद जशीच्या तशी देते, कारण नऊ जणांच्या उत्तरांपेक्षा ती तुझ्या अधिक उपयोगाची आहे.

पहिली चाळीस सेकंदे मुलगी काठावरच उभी होती. बाणांच्या बटणांनी ती चालते हे त्याला लगेच कळले, पण उडी मारण्यासाठी त्याने आधी स्पेस दाबले, मग वरचा बाण, मग एंटर, मग माउस; 'झेड' त्याला अपघातानेच सापडले. तिसऱ्या पायरीवरून तो अकरा वेळा पडला आणि त्यांतल्या सात वेळा त्याने पडद्याकडे पाहून 'मी दाबलं होतं!' असे ओरडून सांगितले. दोरखंडासमोरून तो चार वेळा गेला आणि चारही वेळा तो त्याला दिसला नाही, कारण तू तपकिरी दगडावर तपकिरी दोर काढला आहेस. तेलाची पट्टी म्हणजे मुलीचा जीव, असे त्याने धरून चालले. त्यामुळे पट्टी कमी झाली की तो कोपऱ्यात उभा राहून ती आपोआप भरण्याची वाट पाहायचा, आणि तेल अर्थातच आणखी संपायचे. वटवाघळांनी त्याला तीनदा मारले. चौदाव्या मिनिटाला तो तळाशी पोहोचला. तिथे कंदील मंद होतो आणि पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज घुमतो, त्या जागी कोणी न सांगता त्याने खुर्ची पुढे ओढली आणि 'मावशी, पंखा बंद कर' असे कुजबुजत्या आवाजात म्हणाला. खेळ संपल्यावर मी त्याला तुझाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, 'मस्त आहे, पण बंदूक पाहिजे होती.'

आता, हे शेवटचे वाक्य तेवढे तुला कळवले असते तर तू काय केले असतेस? एक तर रात्र जागून मुलीच्या हाती बंदूक दिली असतीस, किंवा 'या पोराला माझा खेळ कळलाच नाही' असे म्हणून ते वाक्य झटकून टाकले असतेस. दोन्ही चुकले असते. वटवाघळे मागून येतात, अंधारातून येतात आणि तू त्यांना आवाजच दिलेला नाहीस. मरण आले तरी ते कुठून आले हे खेळणाऱ्याला कळत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला अशा बेसावध मरणाची चीड आली आणि त्या चिडीवर त्याला ठाऊक असलेला एकमेव उपाय त्याने सुचवला. चीड खरी आहे, तिच्यावर वाद घालण्याचा तुला अधिकार नाही. उपाय मात्र त्याचा आहे, आणि तो स्वीकारण्याचे तुझ्यावर बंधन नाही. झडप घालण्याआधी अर्धा सेकंद पंखांची फडफड ऐकू आली तर बंदुकीची आठवणही कोणाला होणार नाही, असा माझा कयास आहे. पण तोही कयासच. करून पाहावे लागेल.

'मी दाबलं होतं' या तक्रारीवर थोडे थांबते, कारण ती जगातल्या जवळजवळ प्रत्येक पहिल्या उड्यांच्या खेळात येते आणि ती ऐकून नवशिके बहुधा खेळणाऱ्यालाच दोष देतात. तुझा कोड अगदी प्रामाणिक आहे: मुलीचे पाय पायरीला टेकलेले असतील तरच उडी. भाचा मात्र कड जवळ आली की शेवटच्या क्षणापर्यंत थांबून बटण दाबतो, आणि ते दाबले जाईपर्यंत मुलगी दोन-तीन फ्रेम, म्हणजे पडद्यावरची दोन-तीन चित्रे, आधीच कडेबाहेर गेलेली असते. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या लेखी तो खरेच बोलत असतो. यावरचा उपाय जुना आहे. पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत उडी मान्य करायची. त्याला 'कोयोटी टाइम' म्हणतात, कारण 'रोडरनर' कार्टूनमधला कोयोटी हा लांडग्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही. त्याचप्रमाणे जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्यायची. २०१८ चा 'सेलेस्ट' हा अत्यंत कठीण म्हणून ओळखला जाणारा खेळ अशा सवलतींनी भरलेला आहे, इतका की उडीत डोके एखाद्या कोपऱ्याला निसटते लागले तर तो तुम्हाला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. त्याच्या निर्मात्या मॅडी थॉर्सन यांनी या सवलती उघडपणे सांगितलेल्या आहेत. खेळ कठीण ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, पण खेळणाऱ्याला 'माझे चुकले' असे वाटले पाहिजे, 'मला फसवले' असे नव्हे.

'फार अवघड' आणि 'फारच सोपा' या दोन परस्परविरोधी मतांनी तू गोंधळला आहेस आणि दोघांचा मध्य काढायच्या विचारात आहेस. कृपा करून तसे करू नकोस. मी तुझा खेळ आधी ऑफिसच्या लॅपटॉपवर खेळले, तेव्हा मुलगी बेताच्या चालीने उतरत होती. मग घरच्या मॉनिटरवर लावला तर ती वाऱ्यासारखी सुटली. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, घरचा १४४ वेळा. तू मुलीला दर फ्रेमला ३ पिक्सेल पुढे सरकवतोस, म्हणजे पहिल्या ठिकाणी सेकंदाला १८० आणि दुसऱ्या ठिकाणी ४३२. गेमिंग लॅपटॉप असलेला मुलगा आणि कसाबसा ३० फ्रेम ओढणारे जुने यंत्र असलेला मुलगा, हे दोघे वेगवेगळे खेळ खेळले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. त्यांना एवढेच विचार: कोणत्या यंत्रावर खेळलास? मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते इंजिन, म्हणजे ज्यात तू खेळ बांधतोस ते सॉफ्टवेअर, तुला सांगते. चाल आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही त्या वेळेने गुणली की भांडण मिटेल, आणि मग खेळ खरोखर अवघड आहे की सोपा हे पहिल्यांदाच कळेल. मते जुळत नाहीत तेव्हा ती मोजण्यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत तयार झाली ते शोधणे मला नेहमी फायद्याचे ठरले आहे.

आईने सांगितलेली गोष्ट मात्र वसतिगृहातल्या एकाही मुलाने सांगितली नव्हती. ती खेळ खेळत नाही; तिने पडदा वाचला आणि विचारले, 'हे किल्ली असं का लिहिलंय?' पहिली वेलांटी 'क'च्या अलीकडे पडायची ती पलीकडे पडली आहे आणि 'ल्ल'मधला पहिला 'ल' पाय मोडून वेगळा उभा आहे. तू जुन्या लॅपटॉपमुळे गोडो या इंजिनाची ३ क्रमांकाची आवृत्ती वापरतो आहेस, आणि त्या आवृत्तीला देवनागरीची जोडणी जमत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ४ क्रमांकाच्या आवृत्तीत ती जमते. तूर्त तुझे शब्द मोजून बारा आहेत, ते चित्र म्हणून तयार करून लाव. मला खटकले ते वेगळेच. नऊ मराठी मुलांनी तुझा मराठी खेळ पाहिला आणि मोडलेली अक्षरे एकालाही बोचली नाहीत, किंवा बोचली तरी 'चालायचंच' म्हणून सोडून दिली. म्हणून निरनिराळ्या वयांची, निरनिराळ्या सवयींची माणसे बसव. एकाच मजल्यावरची नऊ मुले बऱ्याच बाबतींत एकच माणूस असतात.

आता 'टाकाऊ'विषयी. तो शब्द लागला असणारच. तीन महिन्यांच्या रात्री ज्यात घातल्या त्याला कोणी एका शब्दात निकालात काढले तर लागायलाच हवे. मलाही असा एक कागद मिळाला होता. २००५ साली मी पुण्यात एका कंपनीत जावा या संगणकीय भाषेवर चालणारे मोबाइल खेळ करत असे. पडदा १२८ गुणिले १२८ पिक्सेल आणि चित्रे, आवाज, कोड असा सगळा संसार ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा, हे तुला आता खरे वाटणार नाही. माझा पहिला खेळ पतंगाचा होता: दोन आणि सहा ही बटणे एकदम धरली की पतंग तिरका झेपावे आणि समोरच्याचा मांजा कापे. तो वरिष्ठांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी आली: 'मजा नाही.' सही, तारीख, बाकी कोरा कागद. मी तीन आठवडे पतंग नव्याने रंगवत बसले, ढग घातले, ढगांना जागा हवी म्हणून संगीत काढून टाकले. पुन्हा चिठ्ठी आली आणि तिच्यावर पुन्हा तेच दोन शब्द होते. शेवटी टेस्टिंगमधली एक मुलगी स्वतःहून हातात एक हँडसेट घेऊन आली आणि म्हणाली, 'बघ, दोन दाबून धरलं, आता सहा दाबते.' पतंग ढिम्म हलला नाही. त्या फोनला एका वेळी एकच बटण कळत होते. माझ्या संगणकावरच्या एम्युलेटरला, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन्ही कळत होती. वरिष्ठ त्याच फोनवर खेळत होते, म्हणजे त्यांना मजा आली नाही हे शंभर टक्के खरे होते.

त्या वरिष्ठांचा राग मी बरीच वर्षे बाळगला. हळूहळू मात्र हेही मान्य करावे लागले की तीन आठवड्यांत मी त्यांच्या दारात जाऊन 'नेमके कुठे?' एवढे विचारले नव्हते. मला वाईट वाटले होते, आणि वाईट वाटण्याच्या भरात मी ढग रंगवत होते. तेव्हा त्या सीनियरला एकदाच, सरळ, कसलीही खोच न ठेवता विचार: 'खेळ कुठे सोडलास?' हे विचारल्यावर तो 'तिसऱ्या पायरीवर' म्हणाला तर त्याने तुझे काम केले. उत्तर आले नाही किंवा पुन्हा शेरा आला तर त्याच्यापुढे आणखी वेळ घालवू नकोस. ज्याला खेळ कुठे सोडला हेही सांगता येत नाही, त्याच्या शब्दाला वजन देण्याचे कारण नाही, मग तो कितीही सीनियर असो.

अभिप्राय घेताना सर्वांत अवघड काम म्हणजे गप्प बसणे. समोरचा अडखळला की आपल्या ओठांवर येते, 'अरे, तिथे वर दोर आहे ना!' हे वाक्य बाहेर पडले की तो प्रयोग संपला. खेळ डाउनलोड करणाऱ्या अनोळखी माणसाच्या मागे उभा राहून तू दोर दाखवणार नाहीस, म्हणून आताही दाखवू नकोस. पाच मिनिटे झाली आणि माणूस खरोखर रडकुंडीला आला तर जरूर सांग, पण ते सांगितलेस अशी वहीत नोंद कर. खेळ झाल्यावर विचारायचेच असेल तर आठवणीचे विचार: कुठे कंटाळा आला, ती पट्टी कशाची वाटली, तळाशी काय असेल असे वाटले होते. 'तुला पट्टी कळली का?' असे विचारलेस तर सगळे 'हो' म्हणतील, भाचाही म्हणाला असता. त्याला ती कळली होतीच, फक्त चुकीची कळली होती.

आणि खुलासे करू नकोस. 'ते मुद्दामच तसे ठेवले आहे' हे वाक्य मी या धंद्यात इतक्या वेळा ऐकले आहे, आणि स्वतः उच्चारले आहे, की आता ते कानावर पडले की मी त्याच जागी बग शोधू लागते. मुद्दाम ठेवले असेल तर ठेवलेले राहू दे. समोरच्याला पटवून काही मिळत नाही. 'बरं, लिहून घेतलं' एवढे पुरते. वही एक रात्र बंद ठेव. दुसऱ्या दिवशी वाचताना जी गोष्ट दोन-तीन माणसांच्या नोंदींत एकाच जागी आलेली दिसेल तिथून कामाला लाग. जी गोष्ट एकानेच सांगितली पण ऐकताक्षणी तुझ्या पोटात खड्डा पडला, तीही घे. ती तुला आधीपासून ठाऊक होती आणि तू टाळत होतास. 'मल्टिप्लेअर कर', 'थ्रीडी कर', 'मोबाइलवर आण' या सूचनांचे आभार मानून त्या तिथेच सोड. त्या तुझ्या खेळाविषयी नसतात, सांगणाऱ्याला आवडणाऱ्या दुसऱ्याच खेळाविषयी असतात.

मोठ्या कंपन्यांतही हे असेच चालते, यासाठी एक उदाहरण देते. २००७ च्या 'पोर्टल' या खेळात एक लांबलचक दालन होते आणि त्यात एक खोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर न्यायचा होता. चाचणीला बसलेली माणसे खोका वाटेतच विसरून पुढे जात. 'खोका बरोबर न्या' अशी पाटी लावणे सोपे होते. तो करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मंडळींनी त्या खोक्यावर हृदयाचे चित्र काढले, यंत्राच्या आवाजाकडून त्याला तुमचा सोबती म्हणवून घेतले, आणि लोकांचा त्या निर्जीव ठोकळ्यावर जीव जडेपर्यंत हे वाढवत नेले. एकाही खेळणाऱ्याने 'त्यावर हृदय काढा' असे सुचवले नसणार. त्यांनी फक्त खोका विसरून दाखवला. आणि हा 'पोर्टल' उगवला तो 'नार्बाक्युलर ड्रॉप' या विद्यार्थ्यांच्या खेळातून. ज्यांनी तो केला त्या विद्यार्थ्यांनाच व्हॉल्व्हने कामावर घेतले होते.

आता तुझ्या दुसऱ्या अडचणीकडे येते. तुझ्या वर्गमित्राने एसटीच्या टपावर सामान रचण्याचा कोड्याचा खेळ केला आहे आणि तुला त्यावर अभिप्राय द्यायचा आहे. तू पाठवलेला मसुदा असा आहे: 'गेम मस्त आहे भावा, फक्त ग्राफिक्स अजून चांगले कर, लेव्हल वाढव आणि थोडी स्टोरी टाक.' राग मानू नकोस, पण तुझ्या सीनियरचा 'टाकाऊ' आणि तुझे हे वाक्य यांत गोडव्याखेरीज फारसा फरक नाही. हे वाचून तो बिचारा उद्या सकाळी नेमकी कोणती फाइल उघडेल? मी तोही खेळ थोडा खेळले. तुझ्या जागी मी असे काहीतरी लिहिले असते: 'तिसऱ्या लेव्हलला ट्रंक आडवी फिरवायची म्हणून मी उजवे बटण दाबले. फिरण्याऐवजी ती हातातून सुटून खाली पडली आणि लेव्हल पहिल्यापासून सुरू झाली. असे चार वेळा झाल्यावर मी थांबलो. मला वाटले होते की पडलेली वस्तूच फक्त परत हाती येईल.' मी काय केले, काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि त्यावर माझे काय झाले, एवढे आले की तो स्वतः जाऊन ती जागा पाहू शकतो. यात उपदेश नाही आणि 'तुला जमले नाही' असेही कुठे म्हटलेले नाही.

अर्थात, त्याआधी त्याला दोन गोष्टी विचार: खेळ कोणत्या टप्प्यावर आहे, आणि त्याला तो कसा व्हायला हवा आहे. त्याने करड्या चौकोनांवर केवळ कल्पना तपासायला दिली असेल तर रंगांविषयी बोलणे म्हणजे पाया खणताना पडद्यांचे कापड निवडणे. आणि त्याला संध्याकाळी बसून निवांत रचत बसण्याचा खेळ हवा असेल तर 'यात घड्याळ लाव, थरार येईल' असे सांगू नकोस. तो थरार तुझ्या आवडीचा आहे. ज्या खेळाकडे तो निघाला आहे तिथे पोहोचण्यात काय आडवे येते, तेवढेच सांगायचे. मुद्दे दोन किंवा तीन पुरेत. पंचवीस मुद्द्यांची यादी पाठवली की नवशिक्या माणूस त्यांतले सर्वांत सोपे पाच उरकतो आणि ट्रंक पडतच राहते. एखादा उपाय सुचलाच तर 'सुचवू का?' असे विचारून मगच सुचव, आणि जिथे सगळा वर्ग वाचतो तिथे नव्हे, त्याच्याजवळ बसून.

'छोटीशी सूचना आहे, वाईट वाटून घेऊ नकोस, मी काही फार मोठा नाही' अशी नमनाला घडाभर तेल घालण्याची आपली जी सवय आहे, ती इथे सोडलेली बरी. तेवढ्या तेलाने वाचणारा अधिकच धास्तावतो. त्याऐवजी खरी स्तुती कर, पण तिच्यातही जागा दाखव. त्याच्या खेळात दोरी आवळताना जो करकर आवाज येतो तो मला फार आवडला. सामान पक्के बसले हे कानाला कळते. हे त्याला कळले पाहिजे, नाही तर पुढच्या आठवड्यात नवे संगीत घालताना तो तोच आवाज काढून टाकेल. मी माझे संगीत काढून टाकले होते, आणि त्या खेळात थोडेबहुत जे बरे होते ते तेच होते, असे टेस्टिंगच्या त्या मुलीने मला सांगितले तेव्हा उशीर झाला होता.

त्याच हिशेबाने तुलाही सांगते: बारवेचा तळ जसा आहे तसाच ठेव. मंद होणारा कंदील, थेंब, आणि त्यानंतरची जवळजवळ चार सेकंदांची शांतता, या जागेला हात लावू नकोस. कोणी तिथे 'बॉस फाइट', म्हणजे बड्या शत्रूशी लढत, टाकायला सांगितली तर भाच्याने पंखा बंद करायला लावला होता हे आठव. बाकी उडी, फ्रेमचा हिशेब, दोराचा रंग आणि वटवाघळांचा आवाज, याच क्रमाने घे. तेलाच्या पट्टीऐवजी कंदिलाच्या काचेतच तेल कमी होताना दिसले तर काय होईल, हा माझा उपाय आहे, म्हणून तो संशयानेच पाहा. आणि 'झेड'च्या जोडीला स्पेसही चालू दे. त्याला दोन मिनिटे लागतील.

हे सगळे बदलून झाले की त्याच नऊ मुलांना पुन्हा बोलावू नकोस. दोर कुठे आहे हे त्यांना आता माहीत आहे; तू तो रंग बदललास की नाही हे त्यांच्या हातांवरून कधीच कळणार नाही. कोरा खेळणारा एकदाच वापरता येतो, म्हणून सगळे ओळखीचे एकाच रविवारी खर्चून टाकायचे नसतात. दर फेरीला दोघे-तिघे पुरेत, बाकीचे राखून ठेवायचे. माझ्याकडे भाच्याचा एक मित्र आहे, वरच्या मजल्यावर राहतो. भाच्याने त्याला 'विहिरीचा गेम' सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात मी त्याला पन्ह्याचा ग्लास देऊन गप्प केले. नवा बिल्ड, म्हणजे खेळाची सुधारलेली प्रत, कधी पाठवतोस ते कळव, कारण ते पोर फार दिवस अनभिज्ञ ठेवणे मला जमणार नाही.

तुझी,
ताई